बिंदू चौकाजवळचं छपाई-बाइंडिंगचं दुकान : अठराव्या शतकातल्या आयर्लंडची पत्रकं इथे छापून घेतली, त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग कारणं. जुन्या, कॉपीराइट कधीच संपलेल्या पुस्तकांचे स्कॅन तुमच्याकडे असतील आणि ते स्पायरल मारून नको, नीट पुस्तिका करून दोऱ्याने शिवून हवे असतील तर कोल्हापुरात डोळे झाकून ह्या दुकानात जा. बिंदू चौकातून आत गल्लीत आहे, बाहेर नेहमीचाच बोर्ड, झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, त्यामुळे वरून काही कळत नाही, पण मागच्या खोलीत बाइंडिंगचं खरं काम चालतं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो मार्जिनसाठी, ते खाली लिहिलंय.

काम काय होतं ते सांगते. आमचा रविवारचा वाचनगट आहे, काही शिक्षक, एमपीएससी करणारी पोरं आणि एक निवृत्त कंपोझिटर, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. यंदा ठरलं की अठराव्या शतकातलं आयर्लंड वाचायचं, आणि त्यावर नंतर कुणी लिहिलेली जाड पुस्तकं नाही तर त्या काळात डब्लिनला आणि बेलफास्टला जी पत्रकं छापली, विकली, जप्त झाली तीच वाचायची. आयर्लंडच का असं बऱ्याच जणांनी विचारलं. कारण शाळा कुणाला मिळाली, छापखाना कुणाच्या हातात होता आणि सरकारविरुद्ध लिहिल्यावर आत कोण गेलं, हे तिन्ही प्रश्न त्या एका शतकात असे एकमेकांत अडकलेत की एकाला हात लावला की बाकीचे दोन सोबत येतात. आणि कोल्हापूरकराला ते लगेच भिडतं, १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात केसरी-मराठातल्या मजकुरावरून टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे.

तर सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर घेऊन गेले. गटातल्या काहींचं म्हणणं होतं एकच जाड पुस्तक करू, हार्ड बाउंड, कपाटात छान दिसेल. दुकानातल्या दादांनी फाइल उघडून पानं मोजली आणि म्हणाले, "मॅडम, हे पयल्यांदा सुटं सुटंच छापल्यालं असणार की ओ. सोळा पानाचा एक फर्मा, ह्यो तर एकाच फर्म्यात बसतोय बघा. शिवून देतो, खिशात मावतंय. सगळं एकत्र केलं तर ते जड व्हतंय आन मग कोण उघडत न्हाई." मला हे पटलं आणि आता सगळं वाचून झाल्यावर तर शंभर टक्के पटलंय. कारण ही पत्रकं होतीच तशी, हातोहात जायची, एकाने वाचून दुसऱ्याला द्यायची, दारू प्यायला बसलेल्या चौघात एकाने मोठ्याने वाचायची. हजार पानांच्या ग्रंथात घातलं की ती 'साहित्य' होतात आणि त्यांची धार जाते. दादांना आयर्लंडचं काही माहीत नव्हतं, पण कागद आणि शिलाई माहीत होती, आणि तेवढ्यावरून माणूस बरोबर ठिकाणी पोचला.

पहिली पुस्तिका केली ती जोनाथन स्विफ्टने 'ड्रेपियर' म्हणजे कापडवाला ह्या नावाने लिहिलेल्या पत्रांची. स्विफ्ट म्हणजे गलिव्हरवाला, आपल्याला तेवढाच माहीत असतो, पण डब्लिनमध्ये तो सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू होता आणि तिथले लोक त्याला ओळखायचे ते ह्या पत्रांमुळे. झालं असं की १७२२ मध्ये विल्यम वुड नावाच्या इंग्लिश माणसाला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायचा परवाना मिळाला, १४ वर्षांसाठी, एक लाख पौंडांहून जास्त किमतीची नाणी. हा परवाना त्याने राजाच्या मर्जीतल्या डचेस ऑफ केंडलकडून १०,००० पौंडांना घेतला अशी बोलवा होती. आयर्लंडच्या संसदेला कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि विचारायची गरजच ठेवली नव्हती कारण १७२० च्या कायद्याने लंडनच्या संसदेने आयर्लंडसाठी थेट कायदे करायचा हक्क स्वतःकडे घेऊन टाकला होता. स्विफ्टने १७२४ ला कापडवाल्याचं सोंग घेऊन दुकानदार, कारागीर, शेतकरी आणि साध्या लोकांना उद्देशून पत्र लिहिलं. भाषा एकदम गल्ल्यावरची. ही नाणी घेतली तर काय होईल, तर जमीनदाराची बायको खरेदीला गाडीतून येईल आणि तिच्या मागोमाग वुडची नाणी भरलेली दुसरी गाडी येईल. चलनाचं अर्थशास्त्र इतकं सोपं करून आजसुद्धा फार कमी लोक सांगतात.

आणि त्या पहिल्या पत्रातच एक गोष्ट आहे जी वाचताना अण्णांनी वाचणाऱ्याला थांबवलं आणि परत वाचायला लावली. स्विफ्ट लिहितो की काही वर्षांपूर्वी एक छोटं पुस्तक निघालं होतं, आपल्याच देशात तयार झालेलं कापड वापरा एवढंच सांगणारं, तर त्या गरीब प्रिंटरवर खटला भरला, आणि ज्या विणकरांच्या भल्यासाठी ते लिहिलं होतं त्यातलेच काही ज्युरीत बसले असून त्यांनी त्याला दोषी ठरवलं. ते पुस्तकही स्विफ्टचंच होतं, १७२० चं, आणि तो प्रिंटर म्हणजे एडवर्ड वॉटर्स. खरं तर ज्युरी त्याला दोषी ठरवायला तयारच नव्हती, सरन्यायाधीश व्हिटशेडने त्यांना तब्बल ९ वेळा परत पाठवलं तेव्हा कुठे ते थकून गेले. पुढे सरकारने तो खटला सोडून दिला, पण तोपर्यंत त्या माणसाचं जे व्हायचं ते झालं होतं. लेखकाचं नाव पुस्तकावर नव्हतंच. प्रिंटरचं होतं.

स्वदेशी कापडासाठी पत्रक आणि त्यावर राजद्रोहाचा खटला. सन १७२०. आमच्यातली एमपीएससीची पोरं वंगभंगाच्या नोट्स पाठ करून आलेली, ती गप्पच झाली.

ड्रेपियरच्या चौथ्या पत्रात स्विफ्ट नाण्यांवरून सरळ मुद्द्यावर येतो, की देवाच्या, निसर्गाच्या आणि देशाच्या कायद्याने तुम्ही इंग्लंडमधल्या माणसांइतकेच स्वतंत्र आहात आणि असायला पाहिजे. हे म्हटल्यावर व्हाइसरॉय कार्टरेटने लेखकाचं नाव सांगणाऱ्याला ३०० पौंड बक्षीस जाहीर केलं. सगळ्या डब्लिनला लेखक कोण ते माहीत होतं आणि कुणीही ते बक्षीस मागायला गेलं नाही. पकडला गेला तो प्रिंटर जॉन हार्डिंग. ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या ज्युरीने, सरकारला हवं तसं करायला नकार दिला, परत तोच व्हिटशेड, त्याने ती ज्युरीच बरखास्त केली, तर पुढच्या ज्युरीने उलट वुडच्या नाण्यांविरुद्धच नोंद केली. १७२५ मध्ये परवाना मागे घेतला गेला, स्विफ्ट हिरो झाला. हार्डिंग मात्र त्याच वर्षी वारला. त्याची बायको सारा हार्डिंग हिने छापखाना चालू ठेवला, आणि १७२९ मध्ये स्विफ्टचं ते भयंकर पत्रक, गरिबांची मुलं श्रीमंतांनी खावीत असा 'माफक प्रस्ताव' मांडणारं, ते तिनेच छापलं. तुरुंग बघून आलेल्या घरातल्या बाईने. मला वाटतं ह्या बाईबद्दल जेवढं बोललं जातं त्याच्या दसपट बोललं पाहिजे.

आता ह्या पुस्तिकेचं काम कसं झालं ते. कागद त्यांनी स्वतःहून पिवळसर झाकेचा सुचवला, एकदम पांढऱ्यावर जुनं टायपिंग डोळ्यांना टोचतं म्हणाले, आणि खरंच वाचायला खूप सुखाचं झालंय. कव्हरला साधा जाड करडा कागद, त्यावर फक्त नाव आणि साल. शिलाई मागच्या खोलीत एक मामा करतात, मधल्या घडीतून तीन भोकं पाडून मेणाचा दोरा ओवून. पुस्तिका टेबलावर सपाट उघडी राहते, हाताने दाबून धरावी लागत नाही, गटात वाचायला हे फार महत्त्वाचं आहे. गटातल्या पंधरा हातांतून फिरूनही एकाही प्रतीचं पान सुटलेलं नाही. एका पुस्तिकेला साधारण एका चांगल्या मिसळीएवढे पैसे पडले, म्हणजे कॉलेजचं पोरगंसुद्धा स्वतःची प्रत घेऊ शकतं. स्विफ्टनेही पहिल्या पत्रात लिहिलंय की प्रिंटरला मी हे सगळ्यात कमी दरात विकायला सांगितलंय. स्वस्त असणं हा त्या लिखाणाचाच भाग होता.

एक सूचना, जुने स्कॅन नेणार असाल तर. त्या काळच्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा किंवा मधला 'एस' हा जवळपास 'एफ'सारखा दिसतो. बऱ्याच ठिकाणी ऑपरेटर 'क्लीन' बटण दाबून डाग काढतात आणि त्यात ह्या अक्षराच्या बारीक रेघा उडतात, मग वाचणाऱ्याची वाट लागते. इथे कॉम्प्युटरवर बसणारी ताई आहे ती स्वतः एक पान दोन्ही प्रकारे प्रिंट काढून दाखवते आणि विचारते कुठलं ठेवू. एवढा वेळ आजकाल कोण देतं.

आता अर्धा स्टार. बर्कलीची 'क्वेरिस्ट' दिली होती, ती जाड झाली, आणि आतल्या बाजूचं मार्जिन कमी ठेवल्यामुळे ओळींची सुरुवात शिलाईत जाते. सांगितल्यावर दादांनी वाद न घालता मान्य केलं आणि पुढच्या प्रतींना मार्जिन वाढवून दिलं, पण पहिल्या प्रती तशाच राहिल्या. जाड काम असेल तर आधी एक नमुना प्रत काढून घ्या, आतलं मार्जिन बोटभर तरी मागा.

बाकी ती 'क्वेरिस्ट' वाचाच. बिशप बर्कली, तत्त्वज्ञानवाला, त्याने १७३५ ते १७३७ मध्ये तीन भागांत नाव न घालता हे काढलं आणि त्यात फक्त प्रश्न आहेत, शेकडो. उत्तर एकही नाही. ह्या राज्याभोवती हजार हात उंच पितळेची भिंत बांधली तरी इथली माणसं स्वच्छ आणि सुखात राहून आपली जमीन कसून खाऊ शकणार नाहीत का, असा एक प्रश्न आहे. आम्ही त्यातला एकेक प्रश्न घेऊन भांडत बसलो, फारच मजा आली. वर्गात शिकवायला तर ही पद्धत एक नंबर आहे, मी आठवीच्या पोरांवर वापरायला सुरुवात केलीय.

शाळेचं निघालंच आहे तर सांगते, कारण हा भाग वाचून मी शिक्षिका म्हणून हलले. १६९५ चा कायदा आम्ही मुद्दाम छापून घेतला, दोन-चार पानांचंच काम. त्याने कॅथलिकांना परदेशात मुलं शिकायला पाठवायची बंदी केली आणि कॅथलिक माणसाने आयर्लंडमध्ये शाळा चालवायचीही बंदी केली, २० पौंड दंड आणि ३ महिने कैद. १७०९ मध्ये वर आणखी, अशा मास्तराला पकडून देणाऱ्याला १० पौंड बक्षीस. आणि कॅथलिक म्हणजे कोण, तर देशातले बहुसंख्य लोक, सत्ता मात्र प्रोटेस्टंटांच्या हातात. आपण अशा गावात राहतो जिथे शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं ठरवलं, जातीजातीची बोर्डिंगं उभी राहिली, पोरं खेड्यातून आली, शिकली. राज्य शाळेत घालण्यासाठी कायदा करतं हे आपण बघत आलोय. राज्य शाळेतून बाहेर ठेवण्यासाठी कायदा करतं आणि मास्तराच्या डोक्यावर बक्षीस लावतं हे वाचून मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

पण शाळा बंद पडल्या नाहीत. लोकांनी कुंपणाच्या आडोशाला, शेतातल्या खोपटात, गोठ्यात मुलं बसवली, म्हणून त्यांना हेज स्कूल म्हणतात. आईबाप मास्तरला थोडे पैसे द्यायचे, नसतील तर जाळायला पीट (दलदलीतली वाळवलेली माती) नाहीतर लोणी. १७३१ मध्ये सरकारनेच चौकशी केली तर ५४९ कॅथलिक शाळा मोजल्या गेल्या, म्हणजे बंदी असताना एवढ्या तर दिसल्याच. ह्या मास्तरांत कितीतरी कवी होते. ब्रायन मेरीमन गणित शिकवायचा आणि त्याने १७८० च्या सुमाराला आयरिश भाषेत हजारावर ओळींचं एक धमाल, धीट काव्य लिहिलं, त्यात बायकाच पुरुषांवर खटला चालवतात. ते हातांनी नकला होऊनच फिरत राहिलं. कारण छापखाने होते ते इंग्रजीसाठी, आयरिशमध्ये छापलेलं फारच थोडं, एखादं धर्मशिक्षणाचं पुस्तक, १७३६ मध्ये बिशप गॅलाहरची प्रवचनं, असं काहीतरी. ज्या भाषेत देश बोलतो त्या भाषेत पुस्तक नाही आणि ज्या भाषेत पुस्तक आहे ती शिकायची तर कुंपणाआड. हेज स्कूलमधून मुलं हळूहळू इंग्रजी वाचायला शिकली ती ह्यामुळेच, आणि वाचायला काय मिळायचं तर फेरीवाल्याकडची स्वस्त पुस्तकं, लुटारूंच्या गोष्टी, वीरांच्या गोष्टी.

सरकारनेही शाळा काढल्या बरं का, १७३३ पासून चार्टर स्कूल, गरीब कॅथलिकांची पोरं घेऊन त्यांना प्रोटेस्टंट करायला. १७८० च्या दशकात तुरुंगांची पाहणी करणारा जॉन हॉवर्ड आणि डॉक्टर जेरेमाया फिट्झपॅट्रिक ह्यांनी त्या शाळा बघितल्या तर पोरं उपाशी, घाणीत, आजारी, आणि कामाला जुंपलेली. तुरुंग बघणारा माणूस शाळा बघून हादरतो. ह्यावर मी जास्त लिहीत नाही.

मग १७८२ मध्ये कॅथलिकांना परवाना घेऊन शिकवायची मुभा मिळाली, तो परवाना प्रोटेस्टंट बिशपकडून घ्यायचा, १७९२ ला ती अट गेली, १७९३ ला डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात पदवी घेता यायला लागली, १७९५ ला मेनूथला कॅथलिक सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारं कॉलेज निघालं. शंभर वर्षं गेली त्यात.

परत दुकानावर येते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दादा कॉपीराइट चालू असलेलं पुस्तक छापून देत नाहीत. मी बसले होते तेव्हा एक मुलगा नवीन गाइड घेऊन आला, पूर्ण झेरॉक्स मारून बाइंडिंग करून पाहिजे म्हणाला, दादांनी सरळ सांगितलं, "पाहिजे तेवढी चार पानं काढ बाळा, पण अख्खं पुस्तक न्हाई. लिवणाऱ्याच्या पोटावर पाय नगं." परीक्षेच्या गावात हे तत्त्व पाळणं म्हणजे रोजचं गिऱ्हाईक सोडणं आहे. लोक कटकट करतात, काही रिव्ह्यूंमध्ये एक स्टारही दिलाय ह्याच कारणाने, मला ते अजिबात योग्य वाटत नाही.

आणि गंमत म्हणजे डब्लिनचा पूर्ण प्रकाशनधंदा ह्याच प्रश्नावर उभा होता. १७१० चा इंग्लंडचा कॉपीराइट कायदा आयर्लंडला लागूच नव्हता. त्यामुळे लंडनला पुस्तक निघालं की डब्लिनचे प्रिंटर ते लगेच छापायचे, लहान आकारात, स्वस्तात, आणि ते आयर्लंडमध्ये पूर्ण कायदेशीर होतं. लंडनवाले चोर चोर म्हणून ओरडायचे, १७३९ मध्ये तर असं पुस्तक ब्रिटनमध्ये आणायलाच बंदी झाली. १७५३ मध्ये सॅम्युअल रिचर्डसन, जो स्वतः कादंबरीकार आणि स्वतःच प्रिंटर होता, त्याच्या नव्या कादंबरीची छापील पानं त्याच्याच छापखान्यातून चोरीला जाऊन डब्लिनला पोचली आणि त्याच्या आधी तिकडेच निघाली. तो एवढा चिडला की त्याने त्यावरच एक पत्रक छापून वाटलं. इथे गटात दोन तट पडले. पोरं म्हणाली गरीब देशाला पुस्तक मिळालं, बरं झालं. अण्णा म्हणाले छापील फर्मा चोरणं ही चोरीच, कुठल्याही देशात. मला विचाराल तर कायद्याने मोकळं असलेलं छापणं वेगळं आणि कामगाराला पैसे चारून फर्मे पळवणं वेगळं, आणि डब्लिनमध्ये दोन्ही चालायचं. पण हेही खरं की हा स्वस्त पुस्तकांचा पूर नसता तर फ्रेंच क्रांतीची बाजू घेणारं थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' १७९१ नंतर आयर्लंडच्या खेड्यापाड्यात पोचलंच नसतं.

शतकाच्या मधला भाग भरभर सांगते, तिथे आमचं वाचनही भरभरच झालं. चार्ल्स लुकस नावाचा औषधवाला डब्लिनच्या नगरपालिकेच्या कारभारावर लिहायला लागला, १७४९ ला संसदेने त्याला देशाचा शत्रू ठरवलं, तो पळाला, परत आला आणि १७६१ ला डब्लिनचा खासदार झाला. १७६३ ला फ्रीमन्स जर्नल निघालं. १७७४ ला वर्तमानपत्रांवर स्टॅम्प ड्युटी बसली, १७८४ ला प्रिंटरला नोंदणीची सक्ती. मॅथ्यू कॅरी हा पोरगा, विशीत होता, कॅथलिकांवरच्या कायद्यांविरुद्ध पत्रक काढून फ्रान्सला पळाला, परत येऊन पेपर काढला, १७८४ मध्ये अटक झाली आणि शेवटी अमेरिकेला फिलाडेल्फियात जाऊन तिथला मोठा प्रकाशक झाला. त्याच्यावर वेगळं बसायचं ठरलंय.

शेवटची पुस्तिका वुल्फ टोनची, १७९१ ची, 'आयर्लंडच्या कॅथलिकांच्या बाजूने युक्तिवाद'. टोन स्वतः प्रोटेस्टंट, ट्रिनिटीचा वकील, वय जेमतेम अठ्ठावीस, आणि सही केली 'एक उत्तरेकडचा व्हिग' अशी, व्हिग हा तेव्हाचा एक राजकीय पक्ष. त्याचं म्हणणं सरळ आहे, कॅथलिकांना हक्क दिल्याशिवाय आपल्या कुणालाच स्वातंत्र्य मिळणार नाही, तुम्ही त्यांना अडाणी म्हणता पण अडाणी तुम्हीच ठेवलंय. स्विफ्टच्या पत्रात 'आयर्लंडची सगळी जनता' असं म्हटलंय खरं, पण ती जनता मनातून प्रोटेस्टंटच आहे, कॅथलिक कुठे दिसत नाहीत. टोनमध्ये ती जनता पहिल्यांदा पूर्ण होते. ह्या दोन पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की सत्तर वर्षांत काय बदललं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. हजारो प्रती गेल्या त्याच्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेलफास्टला युनायटेड आयरिशमेन ही संघटना उभी राहिली.

त्यांच्या नॉर्दर्न स्टार पेपरची दोन पानं आम्ही ए-थ्रीवर काढून घेतली, इथे ए-थ्रीची क्वालिटी फारच छान आहे, बारीक जाहिरातीसुद्धा वाचता येतात. हा पेपर जानेवारी १७९२ ला सुरू झाला, संपादक सॅम्युअल नीलसन, आठवड्यातून दोनदा, खप ४,००० च्या आसपास गेला, आणि एकेक अंक कितीतरी लोकांना वाचून दाखवला जायचा. जेम्स पोर्टर ह्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ) धर्मगुरूने त्यात गावातला खबऱ्या आणि गावचा जमीनदार ह्यांच्या संवादांची मालिका लिहिली, १७९६ ला, लोक पोट धरून हसायचे. १७९८ ला त्याला फाशी दिलं. पेपर त्याआधीच संपला होता, मे १७९७ मध्ये मोनाहन मिलिशियाच्या सैनिकांनी छापखान्यात घुसून सगळं फोडलं. त्यानंतर डब्लिनला 'प्रेस' नावाचा पेपर निघाला, त्याचा प्रिंटर पीटर फिनर्टी, युनायटेड आयरिशमेनमधला शेतकरी विल्यम ऑर ह्याच्या फाशीवर छापलेल्या पत्राबद्दल त्याला खांबाला अडकवून चौकात उभं केलं आणि दोन वर्षं कैद. वॉटर्स, हार्डिंग, फिनर्टी. शतकाच्या सुरुवातीला पण प्रिंटर आणि शेवटी पण प्रिंटर. अण्णा चाळीस वर्षं टाइप जुळवत बसलेले, ते म्हणाले की पेपरात बारीक अक्षरात मुद्रकाचं नाव का घालावं लागतं ते आता नीट कळलं. मामांना पण मी हे सगळं सांगितलं शिलाई चालू असताना, ते म्हणाले, "आमच्या वडलांनी पण आणीबाणीत एक पत्रक छापायचं नाकारलं हुतं. घरात पोरं बारकी हुती." मी त्यावर काही बोलले नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच, ज्याच्या दारात पोलीस येणार त्यानेच ते ठरवायचं असतं.

युनायटेड आयरिशमेनचं बंड १७९८ ला चिरडलं, १८०० मध्ये आयर्लंडला ब्रिटनमध्ये विलीन करणारा युनियनचा कायदा, डब्लिनची संसदच गेली, आणि १८०१ मध्ये ब्रिटनचा कॉपीराइट आयर्लंडला लागू झाल्यावर डब्लिनचा पुनर्मुद्रणाचा धंदा बसला. कितीतरी प्रिंटर-पुस्तकविक्रेते अमेरिकेला गेले. एका शहरातली पुस्तकाची सगळी परंपरा थोड्या वर्षांत अशी विस्कटून जाते, आणि त्याबद्दल इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ असते.

आता कामाच्या गोष्टी. मार्च-एप्रिलमध्ये जाऊ नका, कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टची एवढी गर्दी असते की शिलाईच्या कामाला मामांना वेळच नसतो, त्या दिवसांत ते फक्त परफेक्ट बाइंडिंग (न शिवता पाठ नुसती चिकटवलेलं) घेतात आणि ते ह्या कामासाठी नको, पाठ तडकते. एरवी चार-पाच दिवसांत मिळतं, सांगितलेल्या तारखेला मिळतं. सोमवारी बंद. दुपारी दोन ते चार जेवणाची सुट्टी, तेव्हा फोन उचलत नाहीत, चिडू नका. गाडी लावायला गल्लीत जागा नाही, चौकाच्या बाजूला लावून चालत या. यूपीआय चालतं, मोठ्या ऑर्डरला अर्धे पैसे आधी. कुरिअरने पाठवत नाहीत, इचलकरंजी किंवा सांगलीवरून येणार असाल तर आधी व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून नमुना पान मागवून घ्या, ताई पाठवते. फाइल पीडीएफच न्या, एकेका पानाचे फोटो नेलेत तर ओळी वाकड्या येतात आणि त्यांचाही वेळ जातो. कव्हरवर मराठी नाव हवं असेल तर युनिकोडमध्ये टाइप करून न्या. आणि आतलं मार्जिन सांगायला विसरू नका.

पुढची ऑर्डर युनियनच्या वादातल्या पत्रकांची द्यायचीय, १७९८ च्या शेवटापासून १८०० पर्यंत बाजूने आणि विरुद्ध अशी शेकडो निघाली, त्यातली आम्ही थोडीच निवडतोय. कुणाला प्रत हवी असेल तर रविवारी सकाळी गटात या, छापायचा खर्च तेवढा द्यायचा.